ब्रेस्ट पंप : विकत घ्यावा कीं भाड्यानें आणावा?

बीड जिल्ह्यांत 'पंप' हा शब्द उच्चारला कीं विहीर, पाइप आणि रात्रीं-अपरात्रीं येणारी वीज हींच डोळ्यांपुढें उभीं राहतात. आज ज्या पंपाविषयीं बोलावयाचें आहे तो मुठींत मावेल एवढा असतो, फार तर लहानशा डब्याएवढा. आईच्या अंगावरचें दूध काढून तें बाळासाठीं सांठविण्याचें हें यंत्र. औषधाच्या दुकानापासून रुग्णालयापर्यंत सर्वत्र त्याला ब्रेस्ट पंप असेंच म्हणतात, तेव्हां आपणहि तोच शब्द वापरूं. विषय थोडा संकोचाचा आहे हें खरें. पण ज्या घरांत नुकतेंच बाळ जन्मलें आहे त्या घरीं हा संकोच महागांत पडतो. कोणी तरी घाईनें बाजारांतून एक पंप घेऊन येतो, तो टोंचतो, दूध येत नाहीं, आणि मग 'हिला दूधच नाहीं' असा निकाल लागून पावडरीचा डबा उघडला जातो. चुकलेली असते ती केवळ यंत्राची निवड. शिक्षा मात्र आईला आणि बाळाला होते.

म्हणून कोणता पंप घ्यावा हें विचारण्यापूर्वीं तो हवाच कशाला, हें विचारलें पाहिजे. आई आणि बाळ एकत्र आहेत, बाळ पुऱ्या दिवसांचें आहे, नीट ओढतें आहे, त्याचें वजन वाढतें आहे, अशा घरांत पंपाची कांहींएक जरुरी नाहीं. बारशाला कोणीं भेट म्हणून आणलाच तर तो खोक्यांतच राहूं द्यावा. पंपाचें काम ताटातुटीच्या वेळचें आहे. रायगडावरच्या हिरकणीची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. सायंकाळीं गडाचे दरवाजे बंद झाले, पायथ्याच्या घरीं तान्हें बाळ भुकेलें, आणि ती गवळण काळोखांत कडा उतरून गेली. एस्. टी.च्या स्थानकांवर आयांसाठीं जे कक्ष केले आहेत त्यांना तिचेंच नांव दिलेलें आहे. आई आणि बाळ यांच्यामध्यें दरवाजा बंद होण्याचे प्रसंग आजहि येतात. त्यांपैकीं दोन विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला प्रसंग दिवस भरण्यापूर्वीं जन्मलेल्या बाळाचा. सातव्या-आठव्या महिन्यांत जन्मलेल्या, जेमतेम दीड किलो वजनाच्या बाळाला ओढण्याची आणि गिळण्याची शक्ति आलेली नसते. बीडच्या जिल्हा रुग्णालयांत म्हणा, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत म्हणा, अशा बाळाला नवजात शिशूंच्या कक्षांत उबेच्या यंत्राखालीं ठेवावें लागतें. त्याच्या कोवळ्या आंतड्यांना आईच्या दुधासारखें दुसरें औषध नाहीं, आणि नेमकें त्याच वेळीं दूध ओढून घेणारें कोणी नाहीं, असा हा पेंच असतो. मुंबईंत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी काढली ती अशाच बाळांसाठीं. पण पेढींतलें दूध दुसऱ्या स्त्रीचें असतें; तें ६२.५ अंश उष्णतेवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करावें लागतें, आणि त्यांत त्याचे कांहीं गुण उतरतात. बाळाच्या स्वतःच्या आईचें ताजें दूध हेंच पहिलें.

तें दूध टिकवावयाचें कसें? येथें मराठवाड्याच्या माणसाला विहिरीचा दाखला पटेल. उपसा चालू असेल तर झरा खुला राहतो. उपसा थांबला कीं झरा बुजतो. बाळ ओढतें तेव्हां मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथींतून दोन द्रव्यें रक्तांत उतरतात. प्रोलॅक्टिन या द्रव्यानें दूध तयार होतें आणि ऑक्सिटोसिननें तें वाहूं लागतें. स्तनांत दूध तुंबून राहिलें तर तें तुंबलेलें दूधच पुढचें उत्पादन कमी करण्याची आज्ञा देतें. दूध वाहतें करणारी शक्ति केवळ यांत्रिक नव्हे, हें आपल्या सुश्रुतानेंहि ओळखलें होतें. अपत्याच्या स्पर्शानें, दर्शनानें, नुसत्या स्मरणानेंहि स्तन्य वाहूं लागतें, असें त्यानें निदानस्थानांत सांगून ठेविलें आहे. पंप कितीहि भारी असला तरी त्याला हें स्मरण करून देतां येत नाहीं. दूध काढतांना बाळाचें दुपटें जवळ ठेवावें, शक्य असेल तर बाळाला उरावर घेऊन झाल्यावर लगेच दूध काढावें, पाठीवरून कोणी मायेनें हात फिरवावा, असें अनुभवी परिचारिका सांगतात त्याचें कारण हेंच.

अशा आईनें प्रसूतीनंतर शक्य तर पहिल्या तासांत, निदान पहिल्या सहा तासांच्या आंत दूध काढावयास आरंभ करावा, आणि दिवसरात्रींत मिळून किमान आठ वेळां काढावें. त्यांतली एक वेळ रात्रींची हवीच, कारण प्रोलॅक्टिन रात्रीं अधिक असतें. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक दाट, पिवळसर आणि थेंबाथेंबानें येणारा. एका वेळीं चमचाभर निघाला तरी पुष्कळ झाला. यंत्रानें काढूं गेलें तर तो नरसाळ्याला आणि झडपेलाच चिकटून राहतो. म्हणून चीक हातानें काढून वाटींत घ्यावा. हात स्वच्छ धुवून अंगठा वर आणि बोटें खालीं, असा अर्धचंद्रासारखा हात स्तनाग्राच्या दोन-तीन सेंटिमीटर मागें ठेवावा. प्रथम छातीच्या दिशेनें मागें दाबावें, मग अंगठा आणि बोटें जवळ आणावीं, आणि सोडावीं. कातडी घांसूं नये, स्तनाग्र ओढूं नये. पहिलीं दोन-चार मिनिटें कांहींच येत नाहीं. तेवढ्यानें हात सोडूं नये. ही विद्या प्रत्येक आईला रुग्णालयांतून घरीं जाण्यापूर्वीं यावी असें मला वाटतें. ती विजेवर चालत नाहीं आणि तिला अनामत भरावी लागत नाहीं.

चीक संपून दूध उतरलें, दिवसाला आठ-आठ वेळां काढावयाचें झालें, म्हणजे मात्र हात दमतात, आणि पंपाची खरी वेळ येते. हें यंत्र कांहीं नवें नव्हे. अमेरिकेंत ऑर्वेल नीडहॅम यांनीं १८५४ सालींच त्याचें पेटंट घेतलें होतें. परंतु जुन्या यंत्रांची ओढ गाईम्हशींच्या यंत्राकडे पाहून बेतलेली, आणि ती सोसणें कठीण. १९५० नंतरच्या दशकांत स्वीडनमधील अभियंता आइनार एग्नेल यांनीं स्त्रीच्या शरीराला सोसेल अशी ओढ मोजून, ओढ आणि विश्रांति यांचा ताल बसविला, आणि आजच्या विजेच्या पंपाचा पाया घातला. बाळ आरंभीं भराभर आणि हलकें ओढतें. दूध उतरलें कीं सेकंदास एक या बेतानें सावकाश आणि खोल ओढतें. चांगला पंप हीच चाल धरतो. त्या वेळचीं हीं यंत्रें जड आणि महाग होतीं, प्रत्येक घरीं घेणें अशक्य होतें. भाड्याची पद्धति त्यांतूनच जन्मली.

आजच्या दुकानांत साधारण चार प्रकार दिसतात. रबरी फुग्याचा, मोटारीच्या जुन्या भोंग्यासारखा जो स्वस्त पंप मिळतो, तो घेऊंच नये; त्याची ओढ आवरतां येत नाहीं, दूध फुग्यांत शिरतें, आणि फुगा आंतून धुतां येत नाहीं. दुसरा दांडी दाबून चालविण्याचा हातपंप. दिवसांतून एकदां-दोनदां दूध काढावयाचें असेल, गांवीं भारनियमन असेल, तर तो पुष्कळ कामाचा. तिसरा एका स्त्रीच्या वापरासाठीं केलेला विजेचा किंवा बॅटरीचा पंप. आणि चौथा मोठ्या मोटारीचा, अनेक स्त्रियांनीं आळीपाळीनें वापरावा म्हणून मुद्दाम बनविलेला, दोन्ही बाजूंचें दूध एकाच वेळीं काढणारा. दोन्ही बाजू एकदम काढल्यानें वेळ निम्मा लागतो. चोवीस तासांत आठ वेळां बसणाऱ्या बाळंतिणीला तेवढीच झोंप मिळते.

पंपाच्या शक्तीपेक्षां त्याच्या नरसाळ्याचें माप अधिक महत्त्वाचें, हें दुकानदार क्वचितच सांगतो. खोक्यांत बहुधा २४ मिलिमीटरचें नरसाळें येतें. सर्वांना तेंच कसें बसेल? पंप चालू असतां स्तनाग्र नळींत सैलपणें मागें-पुढें व्हावें. तें कडांना घांसत असेल तर माप लहान आहे, आणि भोंवतालचें काळसर वर्तुळ पुष्कळसें आंत ओढलें जात असेल तर तें मोठें आहे. ओढहि सोसेल तितकीच ठेवावी. जास्त ओढलें म्हणजे जास्त येतें हा समज चुकीचा. दुखूं लागलें कीं ऑक्सिटोसिन आखडतें, आणि दूध थांबतें.

आतां भाड्याचा प्रश्न. आपल्याकडे पाळणा एका घरांतून दुसऱ्या घरीं जातो, दुपटीं जातात, कुंची जाते. ही रीत मोठी गोड आहे. जाऊबाईंचा पंप मात्र त्या मालिकेंत बसवूं नये. एका स्त्रीसाठीं केलेल्या पुष्कळशा पंपांत दूध आणि मोटार यांच्यामध्यें आडपडदा नसतो. दुधाचा शिंतोडा किंवा नुसती वाफ नळीवाटे मोटारीपर्यंत जाते, तेथें बुरशी धरते, आणि बाहेरून कितीहि उकळलें तरी तेथवर कोणाचा हात पोंचत नाहीं. एच्. आय्. व्ही.सारखे कांहीं विषाणु दुधांतून जाऊं शकतात हें आपण जाणतोंच. भाड्यानें जो पंप घ्यावयाचा तो अनेकांच्या वापरासाठीं बनविलेला, मोटारीपर्यंत दूध जाऊंच शकणार नाहीं असा बंदिस्त, एवढ्या एकाच जातीचा असला पाहिजे. खोक्यावर 'रुग्णालयी दर्जा' असें छापलेलें असतें, त्यावर भिस्त ठेवूं नये. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानेंहि त्या शब्दाची कसली व्याख्या केलेली नाहीं. यंत्राच्या माहितीपत्रकांत 'अनेकांच्या वापरासाठीं' असे स्पष्ट शब्द आहेत का, तें पाहावें.

आणि भाड्यानें आणावयाची ती फक्त मोटार. नरसाळें, झडप, पडदा, नळी आणि बाटली हा संच प्रत्येक आईचा स्वतःचा, नवा, विकत घेतलेला. 'उकळून देतों, तोच वापरा' असें जो दुकानदार म्हणेल त्याच्या दुकानांतून उठावें. भाडें ठरवितांना मोटार आपल्यासमोर चालवून घ्यावी, आवाज व ओढ पाहावी, खोक्यावर पडलेले ओरखडे पावतीवर लिहून घ्यावे; अनामत किती आणि किती दिवसांत परत, भाडें आठवड्याचें कीं महिन्याचें, मध्येंच परत केल्यास उरलेलें भाडें मिळेल कीं नाहीं, हें सारें कागदावर असावें. भाड्याचा व्यवहार मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अधिक रुळलेला आहे. आपल्या जिल्ह्यांतील माणसाला एक गोष्ट अधिक पाहावी लागते. यंत्र बिघडलें तर बदलून कोण देणार? आष्टीच्या माणसाला अहिल्यानगर जवळचें, अंबाजोगाईच्या माणसाला लातूर, गेवराईच्या माणसाला छत्रपती संभाजीनगर. पुण्याहून स्वस्तांत मागविलेला पंप बंद पडून चार दिवस तसाच राहिला, तर त्या चार दिवसांत झरा आटूं लागतो. वांचलेले पैसे मग काय कामाचे? म्हणून जेथून एका दिवसांत दुसरें यंत्र मिळेल तेथूनच घ्यावें, आणि तोंवर हातानें काढण्याची तयारी ठेवावी. रुग्णालयांत आयांसाठीं पंप ठेवलेला आहे का, याची चौकशी तर सर्वांच्या आधीं करावी. पुष्कळदां भाड्याचा प्रश्न तेथेंच संपतो.

हिशेब अवघड नाहीं. भाडें गुणिले महिने, त्यांत स्वतःच्या संचाची किंमत आणि नेण्या-आणण्याचा खर्च. ही बेरीज एका बाजूस, आणि नव्या साध्या पंपाची किंमत दुसऱ्या बाजूस. लवकर जन्मलेलें बाळ अंगावर पिऊं लागेपर्यंत तीन-चार आठवडे जोरदार यंत्र हवें असतें. तेथें भाडेंच योग्य. नोकरीसाठीं सहा-आठ महिने रोज एक-दोनदां काढावयाचें तर स्वतःचा साधा पंप किंवा हातपंप घ्यावा.

ज्या गोष्टीवर दुकानांत कोणी बोलत नाहीं ती धुण्याची. २०१६ सालीं अमेरिकेंत वेळेआधीं जन्मलेल्या एका बाळाला क्रोनोबॅक्टर नांवाच्या जंतूमुळें मेंदूला सूज आली, आणि तें जन्माचें अधू झालें. शोध घेतां तो जंतु पंपाच्या भागांवर सांपडला. आई निष्काळजी नव्हती. ती संच साबणाच्या पाण्यांत तासन् तास भिजत ठेवी, पण घांसत नसे आणि निर्जंतुक करीत नसे. म्हणून वापर झाला कीं सर्व भाग सुटे करावे, वेगळ्या भांड्यांत, मोरींत नव्हे, गरम पाण्यानें आणि साबणानें ब्रशनें घांसावे, आणि स्वच्छ फडक्यावर उघड्या हवेंत वाळूं द्यावे. बाळ दोन महिन्यांच्या आंतील किंवा अपुऱ्या दिवसांचें असेल तर दिवसांतून एकदां हे भाग पांच मिनिटें उकळावे. हवेची नळी मात्र भिजवूं नये.

दुसरा प्रसंग नोकरीवर परतणाऱ्या आईचा. २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांसाठीं प्रसूतिरजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. परंतु त्यांतले कांहीं आठवडे प्रसूतीपूर्वींच खर्च होतात, आणि आई शाळेंत किंवा बँकेंत रुजू होते तेव्हां बाळ चार-पांच महिन्यांचें असतें. मूल पंधरा महिन्यांचें होईपर्यंत रोज दोन वेळां स्तनपानासाठीं सुटी देण्याची तरतूद १९६१ च्या कायद्यांत होती आणि ती सामाजिक सुरक्षा संहितेंतहि राहिली आहे. ती मागून घेण्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. कार्यालयांत कडी लागणारी एक खोली आणि हात धुवावयास पाणी, एवढेंच लागतें; मुख्याध्यापकांनीं आणि व्यवस्थापकांनीं तेवढें मनांत आणावें.

काढलेलें दूध २५ अंशांपर्यंतच्या हवेंत चार तास टिकतें, असें पुस्तकांत असतें. बीडचा वैशाख चाळिशी ओलांडतो. तेथें तो हिशेब विसरावा आणि दूध काढल्याबरोबर बर्फाच्या पिशव्यांसह बंद डब्यांत ठेवावें. असें तें दिवसभर राहतें. घरीं आणल्यावर फ्रीजमध्यें, दारांत नव्हे तर मागच्या बाजूस, चार दिवसांपर्यंत ठेवावें. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहावी. कोमट करावयाचें तर बाटली कोमट पाण्यांत धरावी, चुलीवर किंवा मायक्रोवेव्हमध्यें तापवूं नये. साय वर आली म्हणजे दूध फाटलें नव्हे. हलकेंच हलवलें कीं मिसळतें. पाजावें तें वाटी-चमच्यानें. बोंडल्याची चोंच धुवावयास कठीण, आणि बाटलीची संवय लागलेलें बाळ कधीं कधीं आईकडे तोंड फिरवितें. बाटल्यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्यानें बंदी आहे, ती उगीच नव्हे.

घरांतल्या वडील मंडळींना एक विनंति. बाटलींत किती दूध आलें हें येतां-जातां पाहूं नये. यंत्रानें निघालेलें दूध म्हणजे आईला असलेलें सारें दूध नव्हे; चांगलें ओढणारें बाळ यंत्राहून अधिक काढतें. बाळाला पुरतें कीं नाहीं तें त्याच्या वजनावरून आणि ओल्या होणाऱ्या दुपट्यांवरून ओळखावें.

हें सारें बोलत असतां याच जिल्ह्यांतल्या दुसऱ्या एका आईची आठवण येते. दसऱ्यानंतर ऊंसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला 'कोयता' म्हणतात, त्या कोयत्यांतली ती अर्धी. तिचें बाळ फडाच्या कडेला झोळींतच असतें; तिला पंप नको आहे. तिला हवी आहे ती अर्ध्या तासाची उसंत, थोडी सावली आणि प्यावयास पाणी, आणि तेवढ्या वेळाची मजुरी कापली जाऊं नये ही हमी. हा प्रश्न यंत्राच्या दुकानांत सुटणारा नाहीं, तो मुकादम, कारखाना आणि सरकार यांच्या दारीं आहे.

शेवटीं पंप परत करण्याविषयीं. बाळ घरीं आलें, अंगावर पिऊं लागलें, कीं 'आतां भाडें कशाला' म्हणून त्याच दिवशीं यंत्र पाठवूं नये. आठ वेळांची संवय एकदम मोडली तर दूध तुंबून गांठी होतात आणि ताप भरतो. दर दोन-तीन दिवसांनीं एक एक वेळ कमी करीत जावें. जसजसें बाळ अधिक ओढील तसतसा पंप आपोआप मागें पडतो. त्यास साधारण दोन-तीन आठवडे लागतात, ते भाड्याच्या हिशेबांत आरंभींच धरून ठेवावे. मग मोटार पुसून, दुकानदारासमोर एकदां चालवून दाखवावी, आणि अनामतीचे पैसे मोजून घेऊन पावतीवर तशी नोंद करून घ्यावी.